शून्यावर आत घेत नाहीत

रेगिना कोट्लाशला झाविल्चेमध्ये सगळे ओळखत, पण रस्त्यात ओळख दाखवणारे फार थोडे. दाखवणार तरी कसे? निम्म्या गावाचे कमरेचे पट्टे आणि बुटांच्या नाड्या तिने कधी ना कधी कापडी पिशवीत भरून कुलपात ठेवल्या होत्या. शाळेचे मुख्याध्यापक, अग्निशमन दलाचे दोघे जवान, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा तो सज्जन, सगळे तिच्याकडे राहून गेलेले. सकाळी तिच्या हातचा चहा पिताना 'बाई, घरी कळू देऊ नका' म्हणून हात जोडणारी ही माणसं दुपारी बाजारात दिसली की एकदम कोबीचे गड्डे निरखायला लागत. रेगिना मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन उभी राही. "घ्या, साहेब," ती म्हणायची, "आंबवलेल्या कोबीचं पाणी उतरवायला चांगलं." मग साहेब कोबी न घेताच निघून जात.

ती होती फेल्चर. म्हणजे डॉक्टरच्या खाली आणि नर्सच्या वर. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत डॉक्टर पुरत नसत, तेव्हा तीन-चार वर्षं शिकवून असे अर्धे डॉक्टर तयार केले जात. पुढे राजवट गेली, ते शिक्षण बंद पडलं आणि ही माणसं मात्र उरली. रेगिनाला आमच्या गावाच्या उतारघरात नेमलं होतं. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव फार लांबलचक आणि सभ्य होतं, पण गाव उतारघरच म्हणायचं. रस्त्यात पडलेल्या पिणाऱ्याला पोलीस उचलून तिथे आणत. रेगिना त्याला यंत्राच्या नळीत फुंकायला लावी, रक्तात दारू किती तो आकडा लिही, डोकं फुटलेलं नाही ना ते बघे, नाडी मोजे. मग पट्टा काढून, झगा चढवून त्याला खाटेवर टाकत. फार हातपाय झाडू लागला तर बांधत. शुद्ध आली की चहा पाजून बाहेर.

इमारत मूळची बालवाडीची. गावात मुलं कमी झाली आणि पिणारे वाढले, तेव्हा नगरपालिकेने खाटा तेवढ्या बदलल्या. तोंड धुवायची बेसिनं तशीच राहिली, गुडघ्याएवढ्या उंचीची. सकाळी मोठमोठे बाप्ये त्यांच्यापुढे गुडघे टेकून रांगेने बसत. गावात नवे आलेले फादर एकदा पाहायला आले आणि बघून गहिवरले. त्यांना वाटलं, प्रार्थना चालली आहे.

सव्वीस वर्षांत आपल्या हातून एकाही माणसाची दारू सुटलेली नाही, हे रेगिना कोणालाही सांगायची. नगरपालिकेच्या व्यसनमुक्तीच्या समारंभात तिला एकदा दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. "आम्ही उतरवतो," ती म्हणाली, "सोडवणं आमच्याकडे नाही," आणि खाली बसली. पुन्हा तिला कोणी बोलावलं नाही. तिला मनापासून वाटत होतं की हे काम विहिरीतलं पाणी उपसून पुन्हा त्याच विहिरीत ओतण्याचं आहे. तरी ती रोज येत होती, कारण कोणीतरी नाडी मोजायला हवी होती. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

वालेंटी ग्रुत्सा हे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एकोणीस वर्षं तो गावच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होता. बीटचा हंगाम आला की तीन-तीन महिने भट्टी विझू द्यायची नाही, हे त्याचं काम आणि हाच त्याचा ताठा. कारखाना बंद पडला, बायको तिच्या बहिणीकडे समुद्राकाठी निघून गेली, कारखान्याची चाळ पाडली. पुढचं काय सांगायचं, अशा माणसांचं पुढचं सगळीकडे सारखंच असतं. नऊ वर्षांत त्रेचाळीस वेळा तो उतारघरात आला, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्यांच्या खांद्यावरून.

चव्वेचाळिसाव्या खेपेला काय झालं, ते ऐका. ऑक्टोबरमध्ये कारखान्याची चिमणी सुरुंग लावून पाडायची ठरली. सगळं गाव बघायला लोटलं, शाळेला सुट्टी दिली. वालेंटी मात्र त्या दिवशी तीन नंबरच्या खाटेवर घोरत होता. संध्याकाळी बाहेर पडला आणि पाचच मिनिटांत परत आला.

"बाई, चिमणी कुठे आहे?"

"पाडली की. दुपारी बाराला. खिडकीच्या काचा हादरल्या."

"तेव्हा मी कुठे होतो?"

"इथे. तीन नंबरला."

तो म्हणाला, "एकोणीस वर्षं तिचा धूर मी बघितला. पडताना बघायला मिळाली नाही." त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावला नाही. कुणी शपथ घातली नव्हती, कुणी उपदेश केला नव्हता. रेगिनाने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "आठ दिवस. फार तर दहा." नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. तो गावाबाहेरच्या भाजीच्या वाफ्यांत, कोणाच्या तरी लाकडी खोपट्यात राहत होता, लोकांचा बर्फ उपसून देत होता. जानेवारीत खोपट्याच्या शेगडीचं नळकांडं फुटलं, मालकाने आग लागायच्या भीतीने कुलूप ठोकलं आणि त्याच आठवड्यात थंडी उणे एकोणीसवर गेली.

संध्याकाळचे पाच वाजले होते. दारावर टकटक झाली, तेव्हा ब्रोनेक दचकला. ब्रोनेक म्हणजे उतारघरातला मदतनीस, एके काळचा कुस्तीगीर. दारुड्यांना उचलणं, धरणं, बांधणं हे त्याचं खातं. "पोलिसांची गाडी तर आली नाही," तो म्हणाला, "मग वाजवतंय कोण?" त्या दारावर स्वतःहून कोणी टकटक करत नसे.

वालेंटी होता. भुवयांवर बर्फ, टोपी हातात.

"काय रे, आज पायी?" रेगिनाने विचारलं.

"आत घ्या, बाई."

"फुंक."

तो फुंकला. तिने आकडा बघितला, यंत्र झटकलं, नळी बदलली आणि पुन्हा फुंकायला लावलं.

"वालेंटी, हे शून्य आहे."

"माहीत आहे."

"शून्यावर आत घेत नाहीत. अर्ध्याच्या वर आकडा लागतो. हे काय हॉटेल आहे?"

"तेच विचारायला आलो, बाई. किती लागते?"

"काय किती?"

"आत यायला किती प्यावी लागते? कोपऱ्यावरच्या दुकानात छोटी बाटली मिळते. अर्धीत भागेल का पुरी घेऊ? तीन महिने झाले, आता अंदाज राहिला नाही."

तो थट्टा करत नव्हता. डॉक्टरला गोळ्या किती घ्यायच्या विचारावं तसं विचारत होता. रेगिनाने कपाळाला हात लावला.

"निवारागृहात जा ना. तिथे शुद्धीतल्यांनाच घेतात. तुझ्यासारख्यांसाठीच आहे ते."

"तिथे माझ्यावर सप्टेंबरपर्यंत बंदी आहे. मागे पिऊन त्यांच्या दाराची काच फोडली होती ना मी."

"मग सांगायचं, आता पीत नाही म्हणून."

"सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, शाबास, सप्टेंबरमध्ये या."

ब्रोनेक हसला आणि मग हसू आवरून खिडकीबाहेर बघू लागला. रेगिनाला स्वतःच्या घरी नेता आलं असतं का? तिच्याकडे एक खोली आणि स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई. त्या म्हातारीने दारूचा वास येतो म्हणून दोन जावई दाराबाहेर काढले होते, त्यातला एक रेगिनाचाच नवरा. तिथे वालेंटीचं नाव काढायची सोय नव्हती.

रेगिनाने फॉर्म ओढला. आकड्याच्या रकान्यात लिहिलं, एक पूर्णांक चार.

"बाई, हे काय?" ब्रोनेक म्हणाला.

"याला वास येतोय."

"मला तर नाही येत."

"तुला सर्दी झालीय. पट्टा काढून घे त्याचा."

सगळं रीतसर झालं. पट्टा आणि नाड्या पिशवीत गेल्या, झगा चढला. ओरडणाऱ्या, ओकणाऱ्या पाच जणांच्या मध्ये तो माणूस डोक्यावरून पांघरूण घेऊन बारा तास झोपला. सकाळी चहा यायच्या आत त्याने लांबलचक फरशी पुसून काढली, बेसिनं घासली आणि रांगेत उभा राहून आपला पट्टा परत घेतला.

त्या हिवाळ्यात रेगिनाने त्याला अकरा वेळा आत घेतलं. तिने स्वतःशी नियम केला होता, थंडी उणे पंधराच्या खाली असेल तरच. रोज कामावर येताना ती औषधाच्या दुकानाबाहेरचा तापमापक बघायची, आणि पारा उणे चौदावर थांबलेला असला की तिचा दिवस वाईट जायचा. खोटं लिहायचं तर नीट लिहावं, असं तिचं मत. म्हणून ती आकडे बदलत राहायची. एकदा एक पूर्णांक नऊ, एकदा एक पूर्णांक एक. फेब्रुवारीत तिने दोन पूर्णांक दोन लिहिलं, तेव्हा वालेंटीलाच राहवलं नाही.

"बाई, दोनच्या वर? लोक काय म्हणतील?"

"गप बस. सारखे आकडे लिहिले तर संशय येतो."

"पण दोन पूर्णांक दोनला माणूस चालत येत नाही."

"मग लडखडत ये उद्यापासून."

त्यावर तो लहान मुलासारखा हसला. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, 'बोलणं अस्पष्ट, तोल जातो, वेळ सांगता येत नाही.' सव्वीस वर्षांचा हात होता तिचा, वाचणाऱ्याला नाकाशी वास यावा इतकं ते खरं उतरलं. तिला त्यात एक प्रकारची मजाही येत होती, हे कबूल करायला हवं. आयुष्यभर सरकारी कागद भरून कोणाचं भलं झालेलं तिने पाहिलं नव्हतं, आणि आता एकेक कागद एका माणसाला रात्रभर ऊब देत होता. या नोंदींनी नुकसान कोणाचं व्हायचं? असल्या बेघरांच्या नोंदी कोणी वाचत नाही, कपाटात पडून त्यांचा भुगा होतो, असं तिला वाटलं. इथेच तिची चूक झाली. आणि ही चूक सव्वीस वर्षं अशा जागी घालवलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. ज्या माणसांना कोणी विचारत नाही त्यांच्याबद्दल कधीतरी कोणी विचारेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मार्चमध्ये नगरपालिकेच्या फलकावर सूचना लागली. रेल्वेच्या जुन्या घरांमध्ये तीन खोल्या दुरुस्त केल्या होत्या. बेघर, पण दारू सोडलेल्या माणसांना त्या कायमच्या राहायला मिळणार होत्या. अट एकच, सहा महिने दारूचा थेंब नको. सूचना पहिल्यांदा दिसली रेगिनालाच. तिने ती फलकावरून सरळ उपटून आणली. उगीच दुसऱ्यांनी कशाला बघायची.

अर्जही तिनेच भरला, उतारघराच्या टेबलावर, सकाळच्या चहाच्या वेळी. वालेंटी समोर टोपी कुरवाळत बसला होता.

"सहा महिने होतात ना?"

"पंधरा एप्रिलला बरोबर होतात. चिमणीच्या दिवसापासून."

"खोटं बोलत असशील तर आत्ता सांग."

"बाई, तुमच्या यंत्रात मी कितीदा फुंकलोय?"

अर्जाच्या तळाशी छापलं होतं, 'इतर कागदपत्रे कार्यालय स्वतः मागवून घेईल.' "चला, आपली धावपळ वाचली," रेगिना म्हणाली आणि त्याच्याकडून सही घेतली.

मग तो माणूस बदललाच. खोल्या बघायला परवानगी होती, तर तो तीनदा जाऊन आला. तिसरी खोली त्याला पसंत पडली, कारण तिच्यात कोळशाची छोटी शेगडी होती. बाकीच्यांना गरम पाण्याच्या नळ्यांची खोली हवी होती. "त्यांना भट्टी सांभाळता येत नाही," तो अभिमानाने म्हणाला. पडद्यासाठी त्याने खिडकी वितीने मोजून घेतली होती, सात विती रुंद. रेगिनाला एकदा त्याने विचारलं की एकट्या माणसाला किटली केवढी लागते. त्यावर ती ब्रोनेकवरच ओरडली, की खाटांच्या चादरी अजून का बदलल्या नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला आशा वाटायला लागली होती आणि तिला त्याची अजिबात सवय नव्हती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उतारघराचे संचालक शुल्त्स यांनी तिच्या टेबलावर एक पत्र टाकलं. "रेगिना, जरा वही बघून उत्तर लिहून दे, मी सही करतो," एवढं बोलून ते जेवायला गेले. पत्र नगरपालिकेच्या घरवाटप कार्यालयाचं होतं. अर्जदार वालेंटी ग्रुत्सा यास त्याने दारू सोडल्याच्या तारखेनंतर आपल्याकडे किती वेळा दाखल केले, तारखा व आकड्यांसह कळवावे.

तिने पत्र दोनदा वाचलं. अकरा. अकराच्या अकरा तिच्या अक्षरात, तिच्या सहीने, तोल जातो आणि बोलणं अस्पष्ट या शेऱ्यांसकट. वहीची पानं क्रमांक घातलेली, दोरा ओवून वर लाखेची मोहोर. 'एकदाही नाही' लिहून मोकळं व्हावं, असंही तिच्या मनात आलं. पण नोंदींची प्रत दर महिन्याला नगरपालिकेत जात होती, आणि घरवाटपाचं कार्यालय त्याच मजल्यावर, दोन दारं सोडून होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वच्छ कोट घालून तिथे गेली. कार्यालयाच्या प्रमुख लिडिया व्रोना यांना ती ओळखत होती. बाई चांगल्या होत्या, उगीच त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी चहा मागवला, दार लावलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो प्यायलेला नव्हता," लिडियाबाई म्हणाल्या.

"एकदाही नाही. अकरा वेळा फुंकला, अकरा वेळा शून्य."

"आणि तुम्ही लिहिलंत दोन पूर्णांक दोन."

"हो."

"रेगिनाबाई, माझी अडचण समजून घ्या. तुम्ही म्हणता ते खरं मानलं तर तुम्ही अकरा सरकारी कागद खोटे केलेत. मग खोटे कागद करणाऱ्या बाईच्या शब्दावर मी खोली कशी देऊ? आणि खरं नाही मानलं तर तो प्यायलाच होता."

"तुम्ही त्याला बघा तरी. बोलवा. फुंकायला लावा."

"आज शून्य येईल हो. जानेवारीचं शून्य मी कुठून आणू?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "उद्या गावातला प्रत्येक पिणारा म्हणेल, माझीही नोंद खोटी. दुसरं कोणी बघणारं होतं का?"

"ब्रोनेक होता."

"मग लेखी द्या. समितीपुढे ठेवते. पण तुमची चौकशी लागेल, एवढं समजून द्या. खटलासुद्धा होईल. पेन्शनला किती राहिलेत तुमचे?"

"वर्षभर," रेगिना म्हणाली, आणि तिथेच बसून तिने चार पानं लिहून दिली. घरी गेल्यावर तिने आईला काही सांगितलं नाही. त्या रात्री ती शांत झोपली, कारण तिला वाटलं होतं, ब्रोनेक आहे.

चौकशीला ब्रोनेकला बोलावलं. त्याची दोन मुलं शिकत होती, बायको अंथरुणावर होती, आणि खोटी नोंद माहीत असून गप्प बसल्याचं त्याच्यावरही येणार होतं. "मी पट्टे पिशवीत भरतो," तो म्हणाला, "आकडे बाई वाचतात. मला तो नेहमीसारखाच दिसला." परत आला तेव्हा रेगिना नाडी मोजत होती. तो खांबासारखा तिच्यामागे उभा राहिला.

"बाई, मी काही बोललो नाही."

"कळलं," रेगिना म्हणाली. "याचा पाय धर, लाथ मारतोय." पुढे तिने तो विषय काढला नाही. तिला राग आला होता, पण ब्रोनेकच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, याचं उत्तरही तिला ठाऊक होतं.

दहा दिवसांनी शुल्त्ससाहेबांनी तिला खोलीत बोलावलं. ते खुशीत होते.

"सुटलीस तू. चौकशी बंद झाली."

"म्हणजे खोली मिळाली त्याला?"

"कसली खोली? अगं, त्याने स्वतःच जबाब दिलाय. वाच."

जबाब एका पानाचा होता. मी वालेंटी ग्रुत्सा लिहून देतो की जानेवारी आणि फेब्रुवारीत अकराही वेळा मी दारू प्यालो होतो. उतारघरातील नोंदी खऱ्या आहेत. फेल्चर रेगिना कोट्लाश यांना माझी दया आली, म्हणून मला खोली मिळावी यासाठी त्या आता खोटे बोलत आहेत. त्यांचा दुसरा काही दोष नाही. खाली त्याची सही, शाळेतल्या मुलासारखी, एकेक अक्षर सुटं. आणि त्याच्याही खाली लिहून घेणाऱ्या कारकून बाईचा शेरा: जबाबापूर्वी यंत्रात फुंकण्यास लावले, आकडा शून्य. जबाब देणारा पूर्ण शुद्धीत असून जबाब विश्वासार्ह.

सहा महिन्यांत त्याच्या शुद्धीची नोंद सरकारने एकदाच घेतली, ती या कागदावर. रेगिना कागद हातात धरून उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटलं, शुल्त्ससाहेबांच्या तोंडावर तो कागद फेकावासा वाटला. तिने तो नीट टेबलावर ठेवला आणि कोट घेऊन बाहेर पडली.

वालेंटी तिला कारखान्याच्या जागेवर सापडला. चिमणीचा विटांचा ढीग अजून उचलला नव्हता, तो त्यातल्या चांगल्या विटा वेगळ्या काढत होता. कोणीतरी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मागितल्या होत्या म्हणे.

"मूर्खा," रेगिना म्हणाली, "काय केलंस हे?"

"या, बाई. बसा. ही वीट कोरडी आहे."

"कुणी सांगितलं होतं तुला शहाणपण करायला?"

"ब्रोनेक आला होता. रडत होता. म्हणाला, बाईंची पेन्शन जाणार, कोर्टात उभं करणार." त्याने हात पँटला पुसले. "खोली तशीही मिळणार नव्हती. मग दोघांनी कशाला बुडायचं?"

"मी परत जाते. सांगते की तू खोटा जबाब दिलास."

"आता कोण ऐकतंय? एकदा तुम्ही म्हणालात मी शुद्धीत होतो, एकदा मी म्हणालो मी प्यालो होतो. त्यांना माझंच पटलं." मग तो म्हणाला, "त्या बाईने फुंकायला लावलं. शून्य आलं. तर ती म्हणाली, छान."

रेगिना म्हणाली, "माझ्याकडे चल. आईला मी बघून घेते."

"आणि मग कार्यालय म्हणेल, बघा, साक्षीदाराला बाईंनी घरात ठेवला. पुन्हा चौकशी. नको, बाई. आता उन्हाळा येतोय. उन्हाळ्यात कोणी मरत नाही."

तिसरी खोली एका माजी टपालवाल्याला मिळाली. त्याला शेगडी पेटवता येईना, म्हणून त्याने वालेंटीलाच बोलावलं. वालेंटी गेला, नळकांडं साफ करून दिलं, राख कशी दाबायची ते दाखवलं. टपालवाल्याने चहा दिला. खिडकीला पडदा लागला होता, असं वालेंटी नंतर ब्रोनेकला म्हणाला. चांगला होता पडदा, पण तोकडा.

त्यानंतर चार दिवसांनी, मेमधल्या एका लख्ख दुपारी, पोलिसांची गाडी उतारघरापुढे थांबली. दोघांनी त्याला खांद्यावरून आत आणलं. बसस्टॉपच्या मागे पडला होता. रेगिनाने त्याचं डोकं चाचपलं, पापण्या उघडून बघितल्या, नाडी मोजली. यंत्र त्याच्या तोंडाशी धरलं. दोन पूर्णांक सहा. तिने नळी बदलली आणि पुन्हा एकदा धरलं. दोन पूर्णांक सहाच.

ब्रोनेकने त्याचा पट्टा सोडवला, एरवी धसमुसळेपणाने ओढायचा तसा नाही, हळूच. झगा चढवला, कुशीवर झोपवलं, म्हणजे ओकला तरी गुदमरणार नाही. मग तो टेबलापाशी आला. मेपासून नोंदवहीची पहिली ओळ त्याने भरायची आणि बाकीची फेल्चरने, असा शुल्त्ससाहेबांचा नवा हुकूम होता, म्हणजे पुन्हा कोणावर आळ यायला नको. नाव लिहून झालं, तारीख लिहून झाली. पुढचा रकाना होता, 'या वर्षातील कितवी नोंद.' तिथे त्याचं पेन थांबलं.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "एक लिहू का बारा?"

रेगिना खाटेकडे बघत होती. वालेंटीचं तोंड उघडं होतं आणि हात पट्ट्याच्या जागी काहीतरी चाचपत होता.

"बारा लिही," ती म्हणाली. "त्याने सही करून दिली आहे."